शितावरून भाताची परीक्षा

रसायनशास्त्राच्या इतिहासावर आम्ही तत्त्वज्ञानवाल्यांनी का बोलावं, असं तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल. पण बी.एस्सी.ला शिकवलं जाणारं वैश्लेषिक रसायनशास्त्र, ज्याला मुलं नुसतं ‘ॲनालिटिकल’ म्हणतात, ते मुळात पुराव्याचं शास्त्र आहे. समोर एक द्रव आहे. त्यात काय आहे? किती आहे? आणि हे तुम्ही कशावरून म्हणता? यातला तिसरा प्रश्न आमचा, फार जुना.

आता थोडा इतिहास पाहू. जर्मनीत फ्रेसेनियसने १८४१ मध्ये गुणात्मक विश्लेषणाचं पुस्तक काढलं आणि पुढे त्या वळणाची पुस्तकं जगभरच्या वर्गांत गेली. पण ही विद्या बरीचशी पाककृतीसारखी होती: हे घाला, ते गाळा, साका कोणत्या रंगाचा येतो ते बघा. असं का होतं, ते १८९४ मध्ये ओस्टवाल्डने आयनांच्या समतोलाच्या आधारे मांडलं. कृतीला कारण मिळालं. आपल्याकडे कॉलेजात शिकलेल्यांना त्या परंपरेचा वास अजून आठवत असेल, अक्षरशः वास! किपच्या उपकरणातून येणारा हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्यांसारखा. मिठाचं पृथक्करण करायचं ते नाकाने, डोळ्यांनी आणि व्होगेलच्या जाडजूड पुस्तकाच्या मदतीने.

मग यंत्रं आली. १९३०च्या दशकात बेकमनचा पीएच मीटर, १९४१ मध्ये त्याचाच स्पेक्ट्रोफोटोमीटर, १९५२ मध्ये जेम्स आणि मार्टिन यांची वायू-वर्णलेखनाची पद्धत, १९५५ मध्ये वॉल्शचं आण्विक शोषण. डोळ्याची जागा आकड्याने घेतली. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातही भौतिक, असेंद्रिय आणि सेंद्रिय यांच्या बरोबरीने शेवटच्या वर्षाला हा विषय स्वतंत्र पेपर होऊन बसला. आपल्या वांद्र्यातच पाहा. सिंधमधल्या हैदराबादेत १९२२ मध्ये निघालेलं नॅशनल कॉलेज फाळणीनंतर १९४९ मध्ये इथे नव्याने उभं राहिलं. तिथली मुलंही ब्युरेटचा शेवटचा थेंब मोजायला शिकतात.

पण हे सगळं कशासाठी? परीक्षेपुरतं? १९८६ सालच्या जानेवारी-फेब्रुवारीत भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात काही रुग्णांना ग्लिसरीन पाजलं गेलं. मेंदूवरचा किंवा डोळ्यातला दाब उतरवायला ते देत असत. त्यात डायएथिलीन ग्लायकोल मिसळलेलं होतं. मूत्रपिंडं निकामी झाली आणि चौदा माणसं गेली. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली आणि औषधखरेदीपासून अन्न व औषध प्रशासनापर्यंत अनेकांवर कडक ताशेरे ओढले.

आता रसायन पाहा. दोन्ही द्रव बिनरंगी, दोन्ही दाटसर, दोन्ही चवीला गोड. डोळ्यांना आणि जिभेला ते वेगळे ओळखताच येत नाहीत. ‘हे शुद्ध आहे का?’ असं मोघम विचारून चालत नाही. ‘यात डायएथिलीन ग्लायकोल आहे का आणि ०.१ टक्क्यापेक्षा जास्त आहे का?’ असंच विचारावं लागतं. वायू-वर्णलेखनात दोघं वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात, म्हणून ओळखू येतात. यंत्र हुशार असतं खरं, पण न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ते देत नाही, बरं का. प्रश्न विचारायला माणूस लागतो, आणि तो माणूस पदवीच्या वर्गात घडतो.

दुसरी गोष्ट नमुन्याची. आपल्याकडे म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. संस्कृतात हाच स्थालीपुलाकन्याय. एक शीत दाबून पाहिलं की सगळा भात शिजला का ते कळतं. पण हे कधी खरं? पातेल्यातल्या सगळ्या भाताला सारखी आच लागलेली असेल तेव्हाच. एका पिंपातलं ग्लिसरीन तपासलं म्हणून शेजारच्या पिंपाबद्दल काय कळलं? काहीच नाही, जोवर दोन्ही पिंपं एकाच घाणीची आहेत याची खात्री नाही. विद्यार्थ्यांना कंटाळवाणा वाटणारा ‘सॅम्पलिंग’चा धडा नेमका हाच. नमुना कुठून घेतला, किती वेळा, कोऱ्या चाचणीत काय दिसलं, तेच माप पुन्हा घेतलं तर आकडा किती हलतो? नैयायिक व्याप्ती म्हणतात, ह्यूम अनुमानाबद्दल शंका घेतो. प्रयोगशाळेतली मुलगी वहीत प्रमाण विचलन लिहिते. मुद्दा एकच: थोडक्यावरून पुष्कळाबद्दल बोलायचा हक्क मला कोणी दिला?

हा जुना इतिहास म्हणून सोडून देता येत नाही. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधाने वीसहून जास्त मुलं दगावली. त्यांतल्या अनेकांवर आपल्या नागपुरात उपचार चालू होते. तमिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेत त्या औषधात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकोल सापडलं. एकोणचाळीस वर्षांनी विष तेच. ओळखायची रीत माहीत होती, उपकरणं होती. बाटली बाजारात जाण्याआधी ती चाचणी झालेली नव्हती किंवा कामी आली नव्हती.

राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचं मुख्यालय इथेच, वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. बँकांच्या काचेच्या इमारतींमध्ये ते चटकन नजरेत भरत नाही. अशा कचेऱ्यांत आणि औषध कंपन्यांत उद्या जी मुलं बसतील, ती आज ब्युरेटसमोर उभी आहेत. त्यांच्या पालकांना आमचं सांगणं एवढंच, की या पेपरला ‘स्कोअरिंग’ म्हणून हिणवू नका. ‘कशावरून?’ असं विचारायची सवय तिथे लागते, आणि त्या सवयीवर कुणाचं तरी मूल वाचतं.

आज इथे थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा.