फॉरेस्ट म्हणजे नक्की काय?

शहापूरच्या बाजारात ‘फॉरेस्ट’ हा शब्द किती अर्थांनी कानावर पडतो, याची मी मध्यंतरी एक वही केली होती. ‘फॉरेस्ट आला’ म्हणजे वनरक्षक आला. ‘फॉरेस्टात गेलाय’ म्हणजे सरपणाला गेला किंवा वनखात्याच्या कचेरीत गेला. कुठे, ते सांगणाऱ्याच्या सुरावरून ओळखायचे. ‘ती जागा फॉरेस्ट आहे’ म्हणजे तिथे घर बांधता येणार नाही. ‘आमचं फॉरेस्ट मंजूर झालं’ म्हणजे वनहक्काचा दावा मान्य झाला. खाते, माणूस, मनाई आणि हक्क, सगळे एका शब्दात. झाडांसाठी मात्र शहापूर-मुरबाडचा माणूस हा शब्द क्वचितच वापरतो. तिथे तो रान म्हणतो.

प्रथम मला हा अडाणीपणा वाटला होता. शोध घेतल्यावर उलटेच निघाले. इंग्रजीतला हा शब्द मुळात झाडांचा नाहीच. लॅटिनमधल्या ‘बाहेर’ या अर्थाच्या शब्दापासून तो आला असे मानतात. नॉर्मन राजांच्या इंग्लंडमध्ये फॉरेस्ट म्हणजे सर्वसाधारण कायद्याबाहेरचा, राजाच्या शिकारीसाठी राखलेला मुलूख. त्यात गावे असत, शेते असत, उघडे माळही असत. डार्टमूरचा ओसाड पठारी भाग आजही फॉरेस्ट म्हणवतो. या राखीव मुलखाचा जाच इतका झाला की १२१७ साली लोकांचे चराईचे आणि सरपणाचे हक्क मान्य करणारी वेगळी सनद द्यावी लागली. म्हणजे ‘फॉरेस्ट आला’ म्हणणारी आमची म्हातारी शब्दाच्या जुन्या अर्थाला कोशकारांपेक्षा जवळची आहे.

आपल्याकडचे प्रतिशब्द वेगळ्या घडणीचे. ‘रान’ हे ‘अरण्या’चेच झिजलेले रूप, पण देशावर ‘रानात चाललो’ म्हणजे शेतात चाललो. गुरांसाठी सोडलेले ते गायरान. राखलेल्या गवताचे ते कुरण. देवाच्या नावाने सोडलेली ती देवराई. ‘जंगल’ची गंमत आणखी निराळी: आयुर्वेदात ‘जांगल’ देश म्हणजे कोरडा, विरळ झाडांचा, आरोग्याला चांगला प्रदेश. त्या हिशेबाने धो धो पावसाचा आमचा तालुका जंगल ठरतच नाही! आणि डोंगरउतारावर भातखाचरांच्या वर जी जमीन असते ती वरकस, नागली-वरईची. ठाकूर-कातकरी उतारावर झुडपे तोडून, जाळून जो तुकडा करीत, ती दळी. यातला प्रत्येक शब्द जमिनीचा उपयोग सांगतो. तिथे कोण काय करतो, ते त्या शब्दातच आहे.

१८७८ च्या वन कायद्याने या सगळ्यांवर एकच शब्द पांघरला. जमीन राखीव करायची तर हरकतींना किमान ३ महिन्यांची मुदत द्यावी, अशी तरतूद त्यात होती. पण जाहीर नोटीस वाचणार कोण? जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये १८८३ साली नेमके यावरच बोट ठेवले. डोंगर-दऱ्यांबरोबर पडीक जमिनी आणि गायरानेही नव्या जंगलखात्याने पोटात घातली, ही त्यांची तक्रार होती. ठाणे जिल्ह्यात कळीचा मुद्दा राबाचा. भाताचे रोप टाकण्याआधी वाफ्यावर शेण, ऐनाची टहाळ, पातेरा आणि गवत पसरून भाजायचे, तो राब. टहाळ नाही तर राब नाही, आणि राब नाही तर चांगले रोप नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने ऐनाचे झाड हा शेतीचाच भाग होता. खात्याच्या दृष्टीने ते इमारती लाकूड. ओरड एवढी झाली की १८८५ मध्ये ठाणे-कोलाबा जिल्ह्यांतील गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी मुंबई सरकारला आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा.

स्वातंत्र्यानंतरही व्याख्येचा घोळ मिटला नाही. १९२७ च्या वन कायद्यात लाकडाची व्याख्या आहे, वनोपजाची आहे, गुरांचीसुद्धा आहे, वनाची नाही. ती महाराष्ट्रात आली ३० ऑगस्ट १९७५ रोजी, खाजगी वने संपादन कायद्याने. तिच्यात उभी झाडे येतात, तोडलेली झाडेही येतात, झुडपे येतात. शिवाय १९२७ च्या कायद्याच्या ३५ व्या कलमाखाली पूर्वी नोटीस निघालेली जमीनही वन. आमच्या वडिलांच्या वरकसावर याच वाटेने सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंद चढली. नोटीस घरी आल्याचे कुणाला आठवत नव्हते. एका कचेरीत मी त्याबद्दल विचारले, तर समोरचे साहेब म्हणाले, “कागदावर वन आहे म्हणजे वन आहे.” तेव्हा मला त्यांचा राग आला होता.

पण साहेबांचे बोलणे अगदीच निराधार नव्हते. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की वन संवर्धन कायद्यासाठी ‘फॉरेस्ट’ हा शब्द कोशातल्या अर्थाने घ्यावा, आणि शिवाय सरकारी दप्तरात जे वन म्हणून नोंदले आहे तेही, मालकी कुणाचीही असो. वृक्षतोडीला या आदेशाने मोठा आळा बसला, हे मान्यच केले पाहिजे. तरी माझ्यासारख्याला प्रश्न पडतो: कोश कुठला? मराठी कोश उघडला असता तर रान सापडले असते, आणि रानात शेतही असते. पुढे ३० जानेवारी २०१४ च्या गोदरेज खटल्याच्या निकालात न्यायालयाने नोटीस नुसती निघून भागत नाही, ती बजावली गेली पाहिजे, असे म्हटले. तोवर आमचे वडील गेले होते.

२००६ च्या वनहक्क कायद्याने एक दार किलकिले केले. कागद नसेल तर गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाब पुरावा म्हणून घेता येतो. मुरबाड तालुक्यातल्या एका वाडीत अशाच ग्रामसभेत मी लिहिण्याच्या मदतीला बसलो होतो. एक ठाकूर आजोबा जबाब देत होते. मी लिहिले, ‘अर्जदाराचे वडील सदर वनजमीन कसत होते.’ त्यांना वाचून दाखवले. त्यांनी मान हलवली नाही.

“वनजमीन नाय बाबा. दळी होती ती.”

“आजोबा, अर्जात वनजमीन असंच लिहावं लागतं. नाहीतर दावाच होणार नाही.”

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तुमचं तुम्ही लिवा. पण बाजूला दळी पण लिवा.”

समासात जागा थोडी होती. तिथे मी ‘दळी’ लिहिले आणि त्याखाली त्यांचा अंगठा घेतला.