पाण्याचा वाटा, डोंगराची राखण

‘पंचायत’ आणि ‘पंचाईत’ हे मराठीतले दोन शब्द एकाच कुळातले. चार माणसे एकत्र बसली की निवाडा होतो, तसाच पेचही उभा राहतो. पुरंदर तालुक्यातील पाणी पंचायतीचा इतिहास पाहताना हे दोन्ही अर्थ ध्यानात ठेवलेले बरे.

१९७२च्या दुष्काळाने व्यथित झालेले पुण्याचे अभियंते-उद्योजक विलासराव साळुंखे या पर्जन्यछायेतील गावांकडे वळले. नायगावात देवस्थानची सुमारे ४० एकर उजाड, उताराची जमीन त्यांनी भाडेपट्ट्याने घेतली. उतारावर बांध, पायथ्याशी पाझर तलाव, त्याखाली विहीर आणि तेथून पाणी पुन्हा वर चढवणे, असा तो क्रम होता. १९७४मध्ये ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापन झाले.

परंतु या प्रयोगाचे खरे मोल बांधात नाही, वाटणीत आहे. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर माणशी अर्धा एकर भिजेल इतके आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली, तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जात नाही. ऊस वर्ज्य. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनी उचलायचा.

सामूहिक सिंचन महाराष्ट्राला नवे नव्हते. पांझरेच्या खोऱ्यातील फड पद्धत शतकानुशतके चालत आली. तेथे पाटकऱ्याने पाणी फिरवायचे आणि एका फडात एकच पीक घ्यायचे, हा शिरस्ता होता. मात्र तो जमीनधारकांचा आपसातील करार होता. पाणी पंचायतीने त्या करारात जमीन नसलेल्याला बसवले.

हा केवळ न्यायाचा प्रश्न नाही. डोंगर पुन्हा हिरवा करायचा, तर चराई आणि तोड काही वर्षे थांबवावी लागते. तिची झळ प्रथम लागते ती शेळ्या राखणाऱ्या, सरपण गोळा करणाऱ्या घरांना. आणि साठलेले पाणी मात्र पायथ्याच्या विहिरीत उतरते. ज्याच्या वाट्याला नुसता त्याग येतो, त्याने राखण का करावी? पंचायतीची पंचाईत होते ती इथे.

साळुंखे २००२मध्ये निवर्तले. २००५मध्ये राज्याने पाणीवापर संस्थांचा कायदा केला. त्याने सभासदत्व लाभक्षेत्रातील जमीनधारणेशीच जोडले. म्हणजे सहभाग स्वीकारला गेला, भूमिहीनाचा वाटा मात्र बाहेरच राहिला. पुरंदरच्या त्या नियमांकडे गतकाळातील आदर्श म्हणून पाहण्यापेक्षा, अनुत्तरित राहिलेला प्रश्न म्हणून पाहणे अधिक उचित ठरेल.