जर्सीचा आगाप बटाटा

शेतमालाची किंमत त्याच्या वजनावर ठरते असा सर्वसाधारण समज आहे. परंतु कांहीं पिकांत वजनापेक्षां दिवसालाच अधिक मोल असतें. आगाप बटाटा हें त्याचें ठळक उदाहरण होय. इंग्लंडांत वसंत ऋतु सुरू होतां होतां सांठवणीचा जुना बटाटा मऊ पडतो व त्यास मोड येऊं लागतात. अशा वेळीं पातळ सालीचा नवा बटाटा जो प्रथम बाजारांत आणील त्यास जो दर मिळतो, तो दोन महिन्यांनीं त्याच मालास मिळत नाहीं. हा लाभ साधावयाचा तर लावणी हिंवाळा सरण्यापूर्वींच केली पाहिजे. आणि तशी लावणी करणें म्हणजे कोवळा कोंब गोठवणाऱ्या थंडीच्या तोंडीं देणें होय. लाभ आणि भय यांच्या या ओढाताणींतून एका लहानशा बेटाची शेती कशी घडली, हें आम्ही येथें सांगणार आहों.

हें बेट म्हणजे जर्सी. फ्रान्सच्या किनाऱ्यापासून तें सुमारें २२ किलोमीटरांवर आहे, पण तें ब्रिटिश राजसत्तेच्या आधिपत्याखालीं असून आपला अंतर्गत कारभार स्वतःच पाहतें. क्षेत्रफळ अवघें ११८ चौरस किलोमीटरांच्या आसपास. उत्तरेकडे उंच कडे व तेथून दक्षिणेकडे उतरत जाणारी जमीन, अशी या बेटाची ठेवण असल्यामुळें हिंवाळ्यांतील तिरपें ऊन तिच्यावर चांगलें पडतें. भोंवतालच्या समुद्रामुळें थंडीचा कडकपणाही कमी होतो.

१८८०च्या सुमारास ह्यू द ला हे या तेथील शेतकऱ्यास पुष्कळ डोळे असलेले दोन मोठे बटाटे मिळाले. त्यानें ते कापून उतरणीवरच्या शेतांत लावले. त्यांतील एका झाडास मूत्रपिंडाच्या आकाराचे बटाटे इतरांच्या आधीं धरले. त्यांचेंच बी त्यानें वाढविलें, अशी कथा सांगतात. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें ही जात ‘इंटरनॅशनल किडनी’ हीच होय; बाजारांत मात्र ती ‘जर्सी रॉयल’ या नांवानें गाजली. १८९१ साली बेटावरून साठ हजार टनांहून अधिक बटाटा परदेशीं गेला. एवढ्याशा भूमीवरून एवढा माल आगबोटींनीं अल्पकाळांत रवाना होणें, ही त्या काळीं सामान्य गोष्ट नव्हती.

या यशाचें मर्म उतरणीवरच्या शेतांत आहे. त्यांस तेथील लोक ‘कोती’ म्हणतात. आकाश निरभ्र असून वारा पडला, म्हणजे रात्रीं जमीन आपली उष्णता झपाट्यानें गमावते. तिच्यालगतची हवा गार व जड होऊन पाण्याप्रमाणें खालीं वाहते आणि खोलगट जागीं सांचते. म्हणून सखल शेतांतील पानें गोठतात, पण उतरणीवरचीं पुष्कळदां बचावतात. कांहीं कोती इतक्या चढाच्या आहेत कीं, नांगर दोराच्या रहाटानें वर ओढावा लागे व लावणी हातानेंच करावी लागे. तिचा आरंभ जानेवारींत होतो. त्यापूर्वीं बियाणें पेट्यांत डोळे वर करून एकेक उभें मांडून ठेवतात. कोंब तेथेंच फुटत असल्यामुळें जमिनींतले कित्येक दिवस वांचतात. किनाऱ्यावर येणारें समुद्रशेवाळ जमिनींत घालण्याची चालही तेथें जुनी आहे.

इतकें करूनही एखादी रात्र घात करतेच. तापमान शून्याच्या एक-दोन अंश खालीं गेलें कीं पानांतील पाणी गोठतें व सकाळीं तीं काळीं पडतात. आपल्याकडे निफाडचा द्राक्ष बागाईतदार थंडीच्या पहाटे बागेंत शेकोट्या पेटवतो, त्याच्या मनांतील धास्ती आणि जर्सीच्या शेतकऱ्याची धास्ती एकाच जातीची. बटाट्याला एक आधार मात्र आहे. जमिनीखालचा भाग शाबूत राहिल्यास तो पुन्हां फुटतो. म्हणून कोंब वर दिसूं लागतांच त्यांवर माती चढवितात. परंतु पुन्हां फुटण्यांत कांहीं आठवडे जातात. पीक मरत नाहीं, दिवस मरतात. आणि या धंद्यांत विकावयाचे असतात ते दिवसच.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत प्लास्टिकचीं पातळ आच्छादनें आलीं. लावणीनंतर तीं शेतावर अंथरतात. त्यांखालीं माती लवकर ऊन होते व थोड्याबहुत गोठणीपासून कोंब वांचतात. परंतु राबणाऱ्या हातांची गरज त्यामुळें सरली नाहीं. पूर्वीं काढणीच्या हंगामांत फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतांतून मजूर येत. पुढें मदैरा बेटावरील पोर्तुगीज आले, त्यांमागून पोलंडमधील लोक. या पोर्तुगीज मजुरांच्या तोंडीं असणारा ‘बटाटा’ हा शब्द त्यांच्याच पूर्वजांनीं आपल्या किनाऱ्यावर आणला, हें मराठी वाचकास येथें सहज आठवावें. लवकर येणाऱ्या पिकाचा नफा बेटावर राहिला. त्यासाठीं लागणारी घाई मात्र बव्हंशीं परक्यांच्या पाठीवर पडली, असें आम्हांस वाटतें.

१९४० ते १९४५ या काळांत बेट जर्मन सैन्याच्या ताब्यांत होतें व इंग्लंडचा बाजार बंद झाला. तेव्हां पहिल्या आठवड्याच्या दरास कांहींच अर्थ उरला नाहीं. बटाटा पुन्हां केवळ पोट भरण्याची वस्तु झाला. युद्धानंतर व्यापार सांवरला, पण पुढें दुसराच प्रतिस्पर्धी उभा राहिला. ईजिप्त, सायप्रस, इस्रायल या उबदार देशांतला नवा बटाटा जर्सीच्या आधींच इंग्लंडांत पोंचूं लागला. थंडीशीं झगडून कांहीं आठवडे मिळविणाऱ्याला, थंडीच नसलेल्या देशाशीं शर्यत जिंकतां येत नाहीं. तेव्हां बेटानें दिवसांऐवजीं नांवाचा आश्रय केला. १९९६ साली युरोपीय संघानें ‘जर्सी रॉयल’ या नांवास संरक्षण दिलें; त्यामुळें तेंच बियाणें अन्यत्र लावून तें नांव कोणास वापरतां येत नाहीं.

तरीही एक धोका उरतोच. एका लहान बेटाची शेती एका जातीवर आणि एका हंगामावर इतकी विसंबली कीं, फेब्रुवारी-मार्चमधील एखादी निर्वात रात्र साऱ्या वर्षाचा हिशेब बदलूं शकते. नांवाचें रक्षण कायद्यानें होतें. कोंबाचें रक्षण मात्र अद्यापि माती, आच्छादन आणि रात्रीं आकाशाकडे पाहणारा शेतकरी यांनाच करावें लागतें.