प्रावस्था-क्रमणातील संस्थितिक दोष

एखादी प्रणाली उच्च तापमानाच्या अव्यवस्थित अवस्थेतून एकदम थंड केली असता तिच्यात कालांतराने सुव्यवस्था वाढत जाते. या प्रक्रियेस प्रावस्था-क्रमण असे म्हणतात. ही सुव्यवस्था सर्वत्र एकसारखी निर्माण होत नाही. परस्परांपासून दूर असलेल्या भागांत तिची दिशा वेगवेगळी ठरते आणि हे भाग एकमेकांना भिडतात तेथे संस्थितिक (टोपोलॉजिकल) दोष उरतात. सलग, स्थानिक फेरबदलांनी असे दोष पुसले जात नाहीत. त्यामुळे सुव्यवस्था किती वेगाने वाढेल, हे बहुतांशी या दोषांच्या हालचालीवर अवलंबून असते.

दोषांचे प्रकार

दोषाचे स्वरूप क्रमप्राचलाच्या घटकसंख्येवरून ठरते. त्रिमितीय अवकाशात क्रमप्राचलाला एकच घटक असल्यास (उदा. एकाक्षीय चुंबक) दोष भित्तीच्या रूपात आढळतो. दोन घटक असल्यास तो रेषेच्या व तीन घटक असल्यास बिंदूच्या रूपात असतो. द्विमितीय प्रणालीत दोन घटकांच्या क्रमप्राचलामुळे भोवरे व प्रतिभोवरे निर्माण होतात. भोवरा आणि प्रतिभोवरा एकत्र आल्यास दोन्ही नष्ट होतात.

वाढीचे नियम

एकाक्षीय चुंबकात वक्र भित्ती आक्रसत जातात. त्यामुळे सुव्यवस्थित क्षेत्रांचा सरासरी आकार काळाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो. मिश्रधातूत घटकांचे एकूण प्रमाण कायम राहते आणि अणूंना विसरणाने स्थलांतर करावे लागते. म्हणून तेथे हा आकार काळाच्या घनमूळाच्या प्रमाणात वाढतो. आकार दुप्पट होण्यासाठी पहिल्या प्रणालीत एकूण काळ ४ पट, तर दुसरीत ८ पट व्हावा लागतो.

विश्वरचना व प्रयोग

आरंभीच्या विश्वातही असे दोष निर्माण झाले असावेत, अशी कल्पना टॉम किबल यांनी १९७६ मध्ये मांडली. व्होयचेख झुरेक यांनी १९८५ मध्ये तिचा संबंध अतिद्रव हीलियमशी जोडला. १९९१ मध्ये द्रव स्फटिकांतील दोषरेषांच्या जाळ्याचे विरळ होत जाणे प्रयोगशाळेत अभ्यासण्यात आले.

महाराष्ट्रातील संशोधन

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दिब्येंदू दास व मुस्तनसिर बर्मा यांनी २००० मध्ये सतत हलणाऱ्या पृष्ठभागावरून घसरणाऱ्या कणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या प्रणालीत कणांचे मोठे समूह तयार होतात, परंतु ते सतत मोडतात व पुन्हा जुळतात. त्यांच्या सीमा रेखीव नसतात. रेखीव भित्तींच्या प्रणालींना लागू पडणारा पोरोडचा नियम येथे मोडतो. या प्रकारास चढउतार-प्रभावी प्रावस्था-क्रमण म्हणता येईल. सुव्यवस्थेच्या वाढीत दोषांच्या रेखीवपणाचे महत्त्व किती आहे, हे या अपवादावरून स्पष्ट होते.