विद्यापीठाने घेतलेला ठेका

‘ठेका’ हा शब्द आपल्याकडे दोन ठिकाणी ऐकू येतो. एक तबल्याजवळ आणि दुसरा रस्त्याच्या कामावर. पहिल्या ठेक्यावर गाणे उभे राहते; दुसऱ्या ठेक्यातला रस्ता पुष्कळदा पहिल्याच पावसात वाहून जातो. म्हणून एखाद्या नामवंत विद्यापीठाने सरकारी प्रयोगशाळा चालवण्याचा ठेका घेतला आहे, असे कुणी सांगितले तर ऐकणाऱ्याच्या कपाळावर आठ्या पडतात. मी बी.ए. झालेला, कवितेत रमणारा माणूस. अणूचे गणित मला येत नाही. पण या ठेक्याची हकिकत वाचत गेलो आणि तीत गुंतलो.

ही प्रयोगशाळा म्हणजे अमेरिकेतील अर्गोन. शिकागो शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर ती आहे. जमीन सरकारची, इमारती सरकारच्या, यंत्रे सरकारची आणि पैसाही मुख्यतः सरकारचाच. तिथे काम करणारी हजारो माणसे मात्र सरकारी नोकर नाहीत. ती ‘यूशिकागो अर्गोन’ या कंपनीची माणसे आणि ही कंपनी शिकागो विद्यापीठाच्या मालकीची. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या १७ राष्ट्रीय प्रयोगशाळांपैकी १६ कंत्राटावरच चालतात. कंत्राटदार तेवढे निरनिराळे.

हा संसार सुरू झाला दुसऱ्या महायुद्धात. शिकागो विद्यापीठाने १९३९ मध्ये फुटबॉलचा संघ बंद केला होता आणि त्याचे स्टेडियम ओस पडले होते. त्याच्या प्रेक्षागाराखाली स्क्वॅशचे एक मैदान होते. जगातली पहिली अणुभट्टी खरे तर शहराबाहेर अर्गोनच्या जंगलात उभी राहायची होती. पण कामगारांच्या तंट्यामुळे तिथली इमारत वेळेत झाली नाही. मग एन्रिको फर्मी यांनी स्टेडियमखालीच, भर वस्तीत, ग्रॅफाइटच्या विटांचे ५७ थर रचले. प्रकल्पाचे प्रमुख आर्थर कॉम्प्टन यांनी विद्यापीठाचे अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांना विचारलेच नाही. विचारले असते तर त्यांना ‘नाही’च म्हणावे लागले असते, असे कॉम्प्टन यांनी पुढे लिहिले आहे. २ डिसेंबर १९४२ रोजी साखळी प्रक्रिया सुरू झाली. शक्ती किती? अवघा अर्धा वॅट.

सरकारने हे काम थेट आपल्या नोकरांकडून का करून घेतले नाही, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत सापडते. तिथे शास्त्रज्ञांना लष्करी गणवेश द्यावा, असा बेत होता. इसिडोर राबी आणि रॉबर्ट बाकर यांनी त्याला हरकत घेतली. हुकमाने कवायत होते, संशोधन होत नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. शेवटी १९४३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाशी करार झाला. पैसा सरकारचा आणि माणसे विद्यापीठाची, अशी ही घडी बसली.

या घडीची कसोटी १९४५ मध्ये लागली. त्या जूनमध्ये शिकागोच्या प्रयोगशाळेतील सात शास्त्रज्ञांच्या समितीने, जेम्स फ्रँक यांच्या नेतृत्वाखाली, सरकारला अहवाल दिला. जपानवर पूर्वसूचनेशिवाय बॉम्ब टाकू नका, आधी निर्जन ठिकाणी त्याचे प्रात्यक्षिक दाखवा, असे त्यात म्हटले होते. जुलैमध्ये लिओ झिलार्ड यांनी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या नावे अर्ज लिहिला. त्यावर शिकागोतल्या ७० जणांनी सह्या केल्या. ज्यांनी ही विद्या घडवली, त्यांनीच ती आवरण्याची विनंती केली होती. अर्ज लष्करी वाटेनेच पुढे गेला आणि हिरोशिमापूर्वी ट्रुमन यांच्या हाती तो पडला नाही. त्या सह्यांनी बॉम्ब थांबला नाही, हे खरे. तरी युद्धकाळात, पराकोटीच्या गुप्ततेत, पगार देणाऱ्याला ‘थांबा’ म्हणणारी ७० माणसे तिथे होती. विद्यापीठातून येताना ती वाद घालण्याची सवय बरोबर घेऊन आली होती, असे मला वाटते.

युद्ध संपले आणि १ जुलै १९४६ रोजी अर्गोन ही अमेरिकेची पहिली राष्ट्रीय प्रयोगशाळा झाली. वॉल्टर झिन तिचे पहिले संचालक. कारभार शिकागो विद्यापीठाकडेच राहिला. अर्गोनच्या लोकांनी आयडाहोच्या माळावर उभारलेल्या अणुभट्टीच्या विजेवर २० डिसेंबर १९५१ रोजी चार दिवे लागले. उकळत्या पाण्याच्या अणुभट्टीचे प्रयोगही त्यांचेच. १७ जुलै १९५५ रोजी तशा अणुभट्टीने आयडाहोतील आर्को हे गाव काही काळ उजळून टाकले. त्याच जातीच्या, जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये आपल्या तारापूरला सुरू झाल्या. आर्कोचा उजेड असा महाराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत आला.

विद्यापीठ म्हणजे सारे पुण्यवान, असे मात्र समजू नये. मारिया गेपर्ट मायर यांचे पती शिकागो विद्यापीठात प्राध्यापक होते. मारियाबाईंना त्याच विद्यापीठाने अध्यापनाचे पद दिले, पण बिनपगारी. अर्धवेळ नोकरीचा पगार त्यांना अर्गोनमध्ये मिळत होता. अणुकेंद्राच्या रचनेचे जे कोडे त्यांनी या काळात सोडवले, त्याबद्दल १९६३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. बाईचे मोल सरकारी प्रयोगशाळेने थोडे तरी ओळखले. विद्यापीठाने ओळखायला वेळ लावला.

मालकी सरकारची म्हटल्यावर शेवटचा शब्दही सरकारचाच. एप्रिल १९८६ मध्ये अर्गोनने आयडाहोतील आपल्या अणुभट्टीचे थंडाव्याचे पंप मुद्दाम बंद केले. अणुभट्टी आपोआप शांत झाली. त्याच महिन्यात चेर्नोबिलचा भयंकर अपघात झाला. सुरक्षित अणुभट्टीचा हा मार्ग शेवटपर्यंत तपासून पाहावा, अशी तिथल्या शास्त्रज्ञांची इच्छा होती. पण १९९४ मध्ये सरकारने पैसा थांबवला आणि काम बंद पडले.

२००३ मध्ये अमेरिकी संसदेने ठरवले की, पन्नास वर्षांहून अधिक काळ स्पर्धेविना एकाच हाती असलेली पाच प्रयोगशाळांची कंत्राटे आता स्पर्धेत उतरवायची. अर्गोन त्यांत होती. तेव्हा शिकागो विद्यापीठाने स्वतःची कंपनी काढली, २००६ मध्ये कंत्राट जिंकले आणि आपणच जन्माला घातलेली प्रयोगशाळा नव्याने ठेक्याने घेतली. आता ऊर्जा खाते दरवर्षी या कंपनीच्या कामाला श्रेणी देते. विद्यार्थ्यांना गुण देणारे विद्यापीठ असे दरवर्षी स्वतः परीक्षेला बसते! जनतेच्या पैशाचा हिशेब द्यावा लागतो, यात गैर काही नाही.

आमच्या घरात एक शब्द लहानपणापासून कानावर पडायचा, अमानत. दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेली वस्तू नीट सांभाळायची आणि मागितली की जशीच्या तशी परत करायची. अर्गोनची जमीन आणि यंत्रे ही अमेरिकी जनतेची अमानत. तिचा हिशेब कंत्राटात नीट लिहिता येतो, तिला श्रेणीही देता येते. १९४५ च्या त्या ७० सह्याही मला तशीच अमानत वाटतात. फक्त त्या कोणत्याही कलमात बसत नाहीत. सरकार विद्यापीठाकडे जाते ते हुशार माणसांसाठी. हुशारीबरोबर त्या माणसांचे ‘नाही’ही ऐकून घेण्याची तयारी सरकारने ठेवावी आणि वेळ येईल तेव्हा ते उच्चारण्याची हिंमत विद्यापीठाने सांभाळावी. एवढे जमले तर हा ठेका तबल्याच्या ठेक्याच्या जवळ जाईल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)