खाणमालकांचा संघ आणि वाळवंटीचे पाणी

साखळी हे वाळवंटी नदीच्या काठी वसलेले जुन्या बाजारपेठेचे गाव. आसपासची शेते आणि कुळागरे याच पाण्यावर पोसली. पुढे डिचोली तालुक्यातील टेकड्यांच्या पोटातील लोहखनिजास परदेशी गिऱ्हाईक मिळाले आणि गावाच्या संसाराला नवे वळण लागले. पोर्तुगीज राजवटीने १९०६च्या कायद्यान्वये खाणींच्या सवलती दिल्या होत्या. १९६१ साली ती राजवट संपली, तेव्हा या सवलतदारांना नव्या सरकारशी, बंदराशी आणि जपानी ग्राहकांशी एकत्रितपणे बोलण्याची निकड भासली. त्यातून १९६३ साली गोव्यातील खनिज निर्यातदारांचा संघ स्थापन झाला.

व्यापाऱ्यांनी एकत्र यावे यात गैर काहीच नाही. परंतु एक टन खनिज काढावयाचे म्हणजे दोन-तीन टन टाकाऊ माती उपसावी लागते. त्या मातीचे ढिगारे पावसाळ्यात ओहोळांतून शेतात उतरतात. खाण भूजलाच्या पातळीखाली गेली की पाणी उपसून टाकावे लागते आणि मग शेजारच्या विहिरी आटतात. माल एकेकाचा खरा. पण गाळ मात्र सर्वांचा! कोणत्या शेतात कोणाच्या खाणीची माती आली, हे कोणी सांगावे?

अशा सामाईक जबाबदारीची रीत गोव्याला अपरिचित नव्हती. येथील गावकरी संस्थांनी शतकानुशतके खाजन शेतांचे बांध सामाईक खर्चाने राखले. गावाच्या उत्पन्नातून आधी बांधबंदिस्तीचा खर्च भागवावयाचा आणि मग उरलेले गावकऱ्यांनी वाटून घ्यावयाचे, हा त्यांचा व्यवहार. कारण बांध फुटला तर वाटून घेण्यास काहीच उरत नाही.

खाण व्यवसायास हे शहाणपण उशिरा सुचले. १९९७ साली ‘टेरी’ या संस्थेने खाणपट्ट्यातील पर्यावरणाची पाहणी पुरी केली. पुढे २००० साली खाण कंपन्यांनी मिळून ‘मिनरल फाउंडेशन ऑफ गोवा’ ही संस्था उभारली. शेतांतील आणि ओढ्यांतील गाळ उपसणे, पाण्याची सोय करणे, अशी कामे तिने अंगावर घेतली. साखळीजवळ सेसा गोवा कंपनीने खनिज संपलेल्या खाणीवर झाडे लावली, खड्ड्यांतील पाण्यात मत्स्यपालन केले. १९९९ साली तेथे फुटबॉलची प्रबोधिनीही निघाली. उजाड टेकडी पुन्हा हिरवी होऊ शकते, हे यावरून सिद्ध झाले.

तथापि या सत्कार्याहून लोभाचा वेग अधिक ठरला. २०१०-११ साली गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक खनिजाची निर्यात झाली. २०१२ साली खाणी थांबल्या. २१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वार्षिक उत्खननास दोन कोटी टनांची मर्यादा घातली, पट्ट्याबाहेर माती टाकण्यास मनाई केली आणि विक्रीच्या रकमेचा दहावा हिस्सा भावी पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवण्यास सांगितले. २०१८ साली खाणी पुन्हा बंद पडल्या. ट्रकवाले, बार्जवरील खलाशी आणि मजूर यांच्या चुली दोनदा थंडावल्या. ज्यांची शेते बुजली होती, त्यांतीलच कित्येकांची ही उपजीविका होती.

डिसेंबर २०२२पासून खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले आणि तालुक्यात नवे पर्व उघडले. जे बंधन न्यायालयास घालावे लागले, ते धंद्याच्या संघाने आपण होऊन घालून घेतले असते, तर शेतकऱ्याचे शेत वाचले असते आणि मजुराची भाकरीही. आधी बांध, मग वाटणी, हा गावकरीचा क्रम नव्या पट्टेदारांनाही चुकविता येणार नाही.