ह्यूमसचे गणित : इंदूरचा प्रयोग आणि पहाडगंजचा वाफा

नवी दिल्ली रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस पहाडगंजची दाट वस्ती आहे. हॉटेलांतील भाज्यांची देठे, देवळांतील निर्माल्य, कडुनिंबाचा पालापाचोळा, लाकडाचा भुसा असे सेंद्रिय द्रव्य अशा वस्तीत रोज साचते. भिंतीलगतच्या फुलझाडांच्या वाफ्याची माती सुधारण्यासाठी यांपैकी काय निवडावे, या प्रश्नाचे उत्तर सुमारे शंभर वर्षांपूर्वी इंदुरात शोधले गेले.

१९२४ साली होळकर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ उभी राहिली. अल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक होते आणि यशवंत वाड हे रसायनशास्त्रज्ञ त्यांचे सहकारी. खेड्यांतील बरेचसे शेण गोवऱ्या होऊन चुलीत जळे. पऱ्हाट्या, तुराट्या, तण आणि पाचट मात्र भरपूर होते. ते थेट जमिनीत गाडले, तर उलटाच परिणाम होई. कर्बप्रधान काडीकचरा कुजवताना सूक्ष्मजीव जमिनीतील नत्र स्वतःसाठी वापरतात आणि पीक उपाशी राहते.

म्हणून कुजण्याची क्रिया जमिनीबाहेर पूर्ण करून घेण्यात आली. कठीण काड्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडल्या जात. त्यांत शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख मिसळली जाई. ओलावा व हवा राखण्यासाठी ढीग तीनदा उलटला जाई. आरंभी सुमारे ३३:१ असलेले कर्ब-नत्र प्रमाण १०:१ च्या आसपास येई आणि तीन महिन्यांत ह्यूमस तयार होई.

१९३१ साली हॉवर्ड आणि वाड या दोघांच्या नावाने या प्रयोगांचा ग्रंथ ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केला. ‘इंदूर पद्धत’ जगभर पोहोचली. तिच्याबरोबर हॉवर्ड यांचे नाव गेले, वाड यांचे मात्र क्वचितच घेतले जाते. ढीग उलटण्याचे श्रम वाचवणारी, शहरी कचऱ्यास सोयीची बंगळूर पद्धत पुढे सी. एन. आचार्य यांनी १९३९ साली मांडली.

इंदूरपूर्वी हॉवर्ड बिहारमधील पुसा येथे कार्यरत होते. १९३४ च्या भूकंपात ती संस्था उद्ध्वस्त झाली आणि १९३६ साली दिल्लीत आली. आजची भारतीय कृषी संशोधन संस्था ती हीच. पहाडगंजपासून पश्चिमेस काही किलोमीटरवर.

इंदूरचा निष्कर्ष पहाडगंजच्या वाफ्यालाही लागू पडतो. सर्वोत्तम असे एकच द्रव्य नसते. निवड मिश्रणाची करावयाची असते. नुसता भुसा नत्र ओढून घेतो, नुसता ओला कचरा हवेअभावी सडतो. कोरडा पाला आणि ओला कचरा एकत्र पूर्ण कुजवले, की दोघांचे दोष एकमेकांत जिरतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दिल्लीत पाला उघड्यावर जाळण्यास मनाई केली. जाळलेल्या पाल्यातील कर्ब आणि नत्र हवेत जातात; कुजवलेल्या पाल्यातील बराच अंश मातीच्या वाट्याला येतो.